वर हिशेब, खाली खाटा

चौदाव्या शतकात इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात एखादं थकलंभागलं, निराधार माणूस आसरा शोधायला निघालं, तर सगळ्यांत मोठं दार होतं सेंट लेनर्ड्स हॉस्पिटलचं. भक्कम दगडी बांधकाम, स्वतःचं प्रार्थनामंदिर, स्वतःचे धर्मगुरू. उत्पन्नाची सोयही राजेशाही होती : आर्चबिशपच्या मुलखात चालणाऱ्या प्रत्येक नांगरामागे धान्याच्या पेंढ्यांचा ठरावीक वाटा या हॉस्पिटलला मिळायचा. १३७०च्या नोंदीत तिथे २२४ आजारी आणि गरीब माणसं होती. उत्तर इंग्लंडमध्ये याच्या तोडीचं दुसरं ठिकाण नव्हतं.

त्याच सुमारास शहराच्या दुसऱ्या बाजूला, फॉस नदीच्या दलदलीच्या काठावर, व्यापाऱ्यांच्या एका संघानं आपल्या सभागृहाच्या तळमजल्यावर एक लहानसं हॉस्पिटल काढलं. सोय तेरा माणसांची. खालच्या भिंती विटा-दगडाच्या, बाकी सगळा सांगाडा ओकच्या लाकडाचा. नदी पायथ्याशी. आग, कीड आणि पूर या तिन्ही शत्रूंना उघडं निमंत्रणच.

यांतलं कोणतं टिकेल अशी पैज तेव्हा लागली असती, तर सगळ्यांनी दगडाच्या बाजूनं पैसे लावले असते आणि सगळे हरले असते. सेंट लेनर्ड्सचे आज थोडे अवशेष उरले आहेत. काही भिंती आणि कमानी म्युझियम गार्डन्सलगत उभ्या आहेत, काही तळघरं थिएटर रॉयलच्या इमारतीखाली दडली आहेत. व्यापाऱ्यांचं ते लाकडी सभागृह, म्हणजे मर्चंट ॲडव्हेंचरर्स हॉल, मात्र फॉसगेट रस्त्यावर शाबूत आहे. खांब जागेवर, छप्पर जागेवर आणि बांधणाऱ्या संघाचे वारसदारही जागेवर. दगड गेला आणि लाकूड राहिलं, याची उकल सुतारकामात थोडी सापडते. बाकीची सापडते त्या व्यापाऱ्यांच्या हिशेबीपणात.

साथीनंतरचं शहर

१३४९च्या उन्हाळ्यात प्लेग यॉर्कमध्ये पोहोचला. घरंच्या घरं रिकामी झाली, धर्मगुरू मेले, कारागीर मेले. जे वाचले त्यांच्या हाती मात्र काम आणि पैसा दोन्ही आलं. यॉर्क हे तेव्हा लंडननंतरच्या दोन-तीन मोठ्या शहरांपैकी एक. स्कॉटलंडशी लढाया चालू असताना १३३०च्या दशकात काही वर्षं राजाचा सगळा कारभार इथूनच चालला होता. आसपासच्या टेकड्यांवरच्या मेंढ्यांची लोकर यॉर्कच्या व्यापाऱ्यांच्या हातून हल बंदरात जायची आणि तिथून समुद्रापार. परतीच्या जहाजांत दारू, रंग आणि उंची कापड यायचं. तिसऱ्या एडवर्डची फ्रान्सशी लढाई लोकरीवरच्या करावर चालली होती, त्यामुळे लोकरीच्या व्यापाऱ्याचा शब्द राजाच्या कानापर्यंत पोहोचत असे. १३५३च्या कायद्यानं लोकरीच्या अधिकृत बाजारपेठा ठरवल्या, त्यांत यॉर्कचं नाव होतं.

डिसेंबर १३५६मध्ये सर विल्यम पर्सीहे या सरदारानं फॉसगेटवरची आपली जागा जॉन फ्रीबॉइस, जॉन क्रोम आणि रॉबर्ट स्मीटन या तीन नागरिकांच्या नावे करून दिली. पुढच्याच वर्षी राजानं परवानगी दिली आणि येशू ख्रिस्त व पवित्र मरिया यांच्या नावानं एक धार्मिक बंधुसंघ, म्हणजे गिल्ड, स्थापन झाला. कागदावर तो भाविकांचा मेळा होता. प्रत्यक्षात त्यात शहरातले मोठे व्यापारी होते आणि त्यांच्या बायकाही होत्या. बायकांचं सभासदत्व निव्वळ शोभेचं नव्हतं. पुढे १४७४-७५ साली मॅरियन केंट नावाची विधवा व्यापारी संघाच्या कार्यकारी मंडळावर बसली होती.

बांधकाम १३५७ ते १३६१ या काळात झालं. प्लेगची दुसरी लाट आली तीही १३६१ सालीच. म्हणजे ही वास्तू दोन साथींच्या मधल्या उघडिपीत उभी राहिली. माणसं कमी झाल्यानं मजुरीचे दर चढले होते आणि १३५१च्या कायद्यानं सरकार ते दाबू पाहत होतं : सुतारांच्या मुकादमाला दिवसाला ३ पेनी, इतर सुतारांना २ पेनी. कुशल हात दुर्मीळ असताना एवढं मोठं काम काढायचं, तर गाठीशी पैसा हवा आणि उद्यावर विश्वासही हवा. या मंडळींकडे दोन्ही असावं.

ओल्या ओकचं गणित

दारातून आत येऊन वरच्या मजल्यावर गेलं की सभेचं मोठं दालन समोर येतं. सुमारे २७ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद. पहिल्यांदा लक्ष जातं ते दालनाच्या ऐन मध्यातून चालत गेलेल्या खांबांच्या रांगेकडे. सभेच्या जागेत मधोमध खांब कशाला, असा प्रश्न पडतो. उत्तर झाडाच्या उंचीत आहे. १२ मीटर अंतर एका झेपेत ओलांडणारी सरळ, जाड तुळई मिळवायची तर तसा ओक शोधत रानं पालथी घालावी लागतात, आणि मिळाला तरी त्याचं ओझं भिंतींना झेपत नाही. सुतारांनी रुंदीचे दोन भाग केले. एकाच्या शेजारी एक अशी दोन दुपाखी छपरं घातली आणि दोन्हींचा मधला भार खांबांच्या एका रांगेवर टेकवला. बाहेरून पाहिलं की दोन त्रिकोणी तोंडं जोडून उभी दिसतात. दोन छपरांच्या मध्ये पन्हळ येते, पावसाचं पाणी तिथे साचू पाहतं, आणि तिची देखभाल हा पुढच्या प्रत्येक पिढीच्या डोक्याचा ताप होतो. पण जे लाकूड मिळत होतं त्यात हवी तेवढी जागा मिळाली.

वरच्या खांबांचा भार खालच्या मजल्यावरच्या ओकच्या खांबांवर उतरतो. तळमजल्याच्या बाहेरच्या भिंती मात्र विटा आणि दगड वापरून केल्या. कारण उघड आहे. नदीकाठची जमीन ओलसर, आणि लाकडाचा पाय सतत ओलीत राहिला तर तो कुजणार. वरच्या मजल्याच्या भिंतींत लाकडी चौकटी उभ्या केल्या आणि मधल्या मोकळ्या जागा भरून काढल्या. अशा बांधणीत भिंत भार वाहत नाही, सगळा भार सांगाडा वाहतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात पावसानं भिंत ढासळली तरी खांब-तुळयांवर माडी उभी राहते, त्यातलाच हा प्रकार.

त्या काळी ओक वापरायचे ते ओलाच. वाळलेल्या ओकला पटाशी लागत नाही, ओला असताना तो मऊ कापला जातो. झाड पाडलं की लवकरच ते तासून चौरस करायचं, जमिनीवर आडवी मांडणी करून सगळे सांधे जुळवून बघायचे, प्रत्येक जोडीवर खुणा कोरायच्या, मग सगळं सुटं करून जागेवर न्यायचं आणि खुणा पाहत उभं करायचं. सांधा कुसू आणि सालीचा. एका लाकडाचं निमुळतं टोक दुसऱ्याच्या खोबणीत बसवायचं आणि दोन्हींतून आरपार ओकची खुंटी ठोकायची. लोखंडी खिळा टाळलेला बरा, कारण ओकमधला आम्ल रस लोखंड खातो. खुंटीची भोकंही मुद्दाम केसभर मागेपुढे पाडत. खुंटी ठोकली की सांधा आपोआप आत ओढला जाई.

पुढची काही वर्षं लाकूड वाळत जातं. वाळताना ते आकसतं, पिळतं, किंचित वाकतं आणि सांधे आणखी घट्ट आवळतात. म्हणून अशा वास्तूत सरळ रेषा शोधू नये. यॉर्कच्या या सभागृहात जमीन लाटेसारखी वरखाली होते, खांब थोडे कललेले आहेत. त्यात लाकडाच्या वाळण्याचा हात आहे, तसाच खालच्या मऊ जमिनीचाही. दगडी भिंतीखालची जमीन खचली तर भिंतीला चीर जाते. लाकडी सांगाडा मात्र बराच वेळ वाकून घेतो, आणि एखादं लाकूड कुजलंच तर तेवढंच काढून नवं बसवता येतं. टिकण्याचं पहिलं कारण हे : या बांधणीत दुरुस्तीची जागा आधीच ठेवलेली असते.

तेरा जण

हॉस्पिटलची अधिकृत परवानगी १३७१ची. पवित्र त्रैक्याचं नाव, एक धर्मगुरू आणि तेरा गरीब, दुर्बळ माणसं. तेरा हा आकडा येशू आणि त्याचे बारा प्रेषित यांच्यावरून घेतलेला आहे. त्या काळच्या अनेक धर्मादाय संस्थांत तो भेटतो.

इथे उपचार होत असतील असं समजू नये. यॉर्कमध्ये फोड फोडायचं, दात उपटायचं, रक्त काढायचं काम न्हावी-शल्यवैद्यांचं होतं. त्यांचा स्वतंत्र संघ होता आणि ग्रहताऱ्यांच्या चक्रांसह त्यांचा एक सुंदर हस्तलिखित ग्रंथ आजही ब्रिटिश लायब्ररीत आहे. कुष्ठरोग्यांची सोय वेशीबाहेर, सेंट निकोलससारख्या ठिकाणी. फॉसगेटच्या तळमजल्यावर मिळायचं ते छप्पर, शेकोटी, पोटाला अन्न आणि मरताना जवळ माणूस. वय झालेल्या, कुणी नसलेल्या माणसाच्या दृष्टीनं उपचारापेक्षा हेच मोठं होतं. अशी लहान आश्रितगृहं यॉर्कमध्ये बरीच निघाली. ऊस नदीच्या पुलावरसुद्धा एक होतं.

तळमजल्याच्या टोकाशी प्रार्थनामंदिर आहे. आजची त्याची वास्तू १४११ची. मांडणी अशी की अंथरुणावरच्या माणसाला मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, ऐकू यावी. इथल्या आश्रितांना एक काम असे, ते म्हणजे प्रार्थना. ज्यांनी जागा दिली, पैसे दिले, त्या जिवंत आणि मृत दात्यांच्या आत्म्यांसाठी रोज प्रार्थना करायची. मेल्यावर आत्मा थेट स्वर्गात जात नाही, आधी शुद्धीच्या आगीतून त्याला पापं फेडावी लागतात, आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेनं ती शिक्षा कमी होते, अशी तेव्हाची पक्की श्रद्धा. गरिबाची प्रार्थना देव लवकर ऐकतो हेही सर्वमान्य. तेव्हा तेरा गरीब पोसणं हा दयेचा भाग होता, तसाच तो पुढच्या प्रवासाचा विमाही होता.

आता या वास्तूची उभी रचना पाहा. वर व्यापाऱ्यांची सभा : करार, भांडणतंटे, दर, उधारी, मेजवान्या. खाली गरिबांच्या खाटा. शेजारी वेदी. कमावणं, देणं आणि क्षमा मागणं या तीन गोष्टी एका छपराखाली, जिन्याच्या काही पायऱ्यांच्या अंतरावर. व्याज घेणं पाप मानलं जाई, नफा संशयास्पद मानला जाई. अशा काळात लोकरीवर गबर झालेल्या माणसाला आपल्या पायाखालच्या मजल्यावर कोण झोपलंय याची जाणीव असणं सोयीचं होतं.

चार चाकांवरचा न्यायाचा दिवस

ही मंडळी नरकाला खरंच घाबरत होती, असा पुरावा त्यांच्याच दप्तरात आहे, आणि तो मोठा मनोरंजक आहे.

मध्ययुगीन यॉर्कमध्ये दरवर्षी उन्हाळ्यात, कॉर्पस क्रिस्तीच्या सणाला, विश्वाच्या उत्पत्तीपासून अंतापर्यंतची कथा नाटकांतून सादर होई. पहिला उल्लेख १३७६चा. चाकांवरचे रंगमंच गाड्यांसारखे ओढत शहरातल्या ठरलेल्या जागांवर न्यायचे, प्रत्येक जागी खेळ करायचा, पुढे जायचं. पहाटे सुरुवात आणि शेवट रात्री. प्रत्येक नाटक एकेका धंद्याच्या संघाकडे असे. व्यापाऱ्यांच्या, म्हणजे मर्सर लोकांच्या वाट्याला शेवटचं आणि सर्वांत खर्चिक नाटक आलं : अंतिम न्यायाचा दिवस.

११ जून १४३३ या तारखेचा एक करार संघाच्या दप्तरात टिकून राहिला. त्यात नाटकाच्या सगळ्या सामानाची यादी आहे. चार चाकांची गाडी. नरकाचं तोंड. तीन सैतानांचे पोशाख आणि दुतोंडी मुखवटे. पापी आत्म्यांचे दोन पोशाख, पुण्यवान आत्म्यांचे दोन. देवासाठी जखमा दाखवणारा अंगरखा आणि सोनेरी मुखवटा. लाकडाचं इंद्रधनुष्य, ढग, सोनेरी तारे. देव बसून वर स्वर्गात जाईल ते लोखंडी आसन आणि त्याच्या चार कोपऱ्यांचे चार दोर. स्वर्गात पळणारे लाल रंगाचे नऊ छोटे देवदूत, आणि त्यांना पळवण्यासाठी लांब बारीक दोरी. हा कागद अभ्यासकांच्या नजरेस आला तो थेट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मध्ययुगीन रंगभूमी ओबडधोबड होती, हा समज त्यानं बराच खोडून काढला. माल मोजून घ्यायची व्यापाऱ्यांची सवय इतकी पक्की, की त्यांनी देवदूतही मोजून लिहिले.

नाटकाचा गाभा मत्तयच्या शुभवर्तमानातला. न्यायाच्या दिवशी देव दोनच गट करतो. भुकेल्याला अन्न दिलं का, तहानेल्याला पाणी दिलं का, उघड्याला वस्त्र दिलं का, परक्याला घरात घेतलं का, आजाऱ्याची विचारपूस केली का, कैद्याला भेटलात का, हे सहा प्रश्न. उपवास किती केले किंवा यात्रा किती केल्या, हे तो विचारत नाही. वर्षानुवर्षं हे नाटक ज्यांनी खर्च करून उभं केलं, त्यांच्या सभागृहाखाली या सहांपैकी निदान चार कामं रोज चालू होती. नाटक आणि हॉस्पिटल हा एकाच प्रश्नपत्रिकेचा अभ्यास होता.

शहरात याची आणखी एक साक्ष आहे. नॉर्थ स्ट्रीटवरच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये पंधराव्या शतकातली एक काचचित्रांची खिडकी आहे. एक दाढीवाला, चांगल्या कपड्यांतला सद्गृहस्थ तीच सहा कामं करताना दिसतो. हा निकोलस ब्लॅकबर्न असावा असं मानतात. तो मोठा व्यापारी, १४१२ साली शहराचा महापौर. त्याच चर्चमधल्या दुसऱ्या खिडकीत जगाचे शेवटचे पंधरा दिवस रंगवले आहेत. समुद्र चढतो, इमारती कोसळतात, माणसं बिळांत लपतात. ज्यांनी प्लेग पाहिला होता किंवा त्याच्या गोष्टी आईबापांकडून ऐकल्या होत्या, त्यांना ही चित्रं समजावून सांगावी लागली नसतील.

कारण गेलं, काम राहिलं

१५३९च्या डिसेंबरात सेंट लेनर्ड्स राजाच्या स्वाधीन झालं. आठव्या हेन्रीनं मठ आणि त्यांच्याशी जोडलेल्या संस्था मोडीत काढल्या, त्यांच्यात हेही गेलं. उत्पन्न गेलं, धर्मगुरू गेले, आश्रित पांगले. आवारात पुढे राजाची टांकसाळ बसली. जिथे गरिबांची पथारी होती तिथे नाणी पडू लागली. दगड हळूहळू दुसऱ्या बांधकामांकडे गेले. एवढं प्रचंड हॉस्पिटल एका सहीनं संपलं, कारण त्याला असण्याचं एकच कारण होतं आणि ते धर्माचं होतं. राजानं ते कारणच रद्द केलं.

फॉसगेटची पाळी १५४७मध्ये आली. सहाव्या एडवर्डच्या काळातल्या कायद्यानं मृतांसाठीच्या प्रार्थना ही अंधश्रद्धा ठरली आणि त्यासाठी दिलेल्या मिळकती सरकारजमा झाल्या. इथल्या धर्मगुरूच्या आणि प्रार्थनांच्या नावची मिळकतही गेली. हॉस्पिटलमागचा सगळा तर्कच निघून गेला. शुद्धीची आगच नाही म्हटल्यावर तेरा गरिबांच्या प्रार्थनेची गरज काय?

तरीही वास्तू वाचली, आणि वाचवलं ते एका जुन्या कागदानं. १४३० साली सहाव्या हेन्रीनं या व्यापाऱ्यांना सनद देऊन मर्सरांचा धंदेवाईक संघ म्हणून कायदेशीर मान्यता दिली होती. त्या संघाला स्वतःच्या नावे मालमत्ता ठेवता येत होती. बंधुसंघ धार्मिक, पण सनद धंद्याची. राजाच्या माणसांना देव काढून घेता आला, दुकान काढून घेता आलं नाही. सभागृह व्यापाऱ्यांचंच राहिलं आणि त्याच्या पोटातल्या खाटाही राहिल्या.

आता प्रार्थनेचा मोबदला मिळत नव्हता, तरी या लोकांनी खालचा मजला रिकामा करून गोदाम केलं नाही. ते करणं सोपं होतं, फायद्याचंही होतं. १५८१ला एलिझाबेथ राणीनं नवी सनद दिली आणि समुद्रापार जोखमीवर माल पाठवणाऱ्या या संघाला मर्चंट ॲडव्हेंचरर्स हे नाव मिळालं. यॉर्कमधला परदेशी व्यापार आता त्यांच्या मुठीत होता. फॉसगेटवरच्या प्रवेशदारावर त्यांनी आपलं चिन्ह आणि फ्रेंच ब्रीद कोरलं. देव आम्हाला चांगलं नशीब देवो, असं त्या ब्रीदाचं मागणं आहे. आत हॉस्पिटल चालूच राहिलं. नाटकं मात्र थांबली. जुन्या धर्माचा वास येतो म्हणून अधिकाऱ्यांना ती खुपत होती. १५६९नंतर गाड्या रस्त्यावर आल्या नाहीत. न्यायाच्या दिवसाचा देखावा बंद पडला, त्या दिवसासाठी घेतलेली जबाबदारी चालू राहिली.

त्यानंतर व्यापारही हळूहळू सरकला. लंडननं आणि हलनं यॉर्कला मागे टाकलं. १८३५च्या नगरपालिका कायद्यानं अशा संघांचे व्यापारी मक्ते संपवले. म्हणजे मूळच्या तीन पायांपैकी प्रार्थनेचा पाय सोळाव्या शतकात गेला आणि मक्त्याचा एकोणिसाव्या. खाटा राहिल्या त्या अगदी १९००पर्यंत. सव्वापाचशेहून अधिक वर्षं या तळमजल्यावर कुणी ना कुणी गरीब माणूस राहत होता. तोवर जगात भूल आली होती, जंतूंचा शोध लागला होता, परिचारिकांच्या शाळा निघाल्या होत्या, आणि हॉस्पिटल म्हणजे बरं होण्याची जागा असा अर्थ रुळला होता. ओलसर तळमजल्यातल्या आसऱ्याची वेळ संपली होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. टिकलं म्हणून हे हॉस्पिटल मोठं ठरत नाही. गरिबांच्या बाजूनं हिशेब मांडला तर सेंट लेनर्ड्स कितीतरी पुढे होतं, आणि ते बुडालं तेव्हा यॉर्कच्या गरिबांचं जे नुकसान झालं ते फॉसगेटच्या तेरा जागांनी भरून निघणं शक्यच नव्हतं. शिवाय वरच्या मजल्यावरच्यांनी किती कमावलं आणि खालच्या मजल्यावर किती उतरलं, हाही प्रश्न विचारायला हवा. पण दानाचं जे काम शुद्ध दानावरच उभं होतं ते राजाच्या एका फटक्यानं गेलं, आणि ज्याचं बिऱ्हाड स्वार्थाच्या घरात होतं ते तरलं, ही गोष्ट त्यानं खोटी ठरत नाही. व्यापाऱ्यांना सभागृह हवं होतं म्हणून छप्पर शाकारलं गेलं, आणि त्या छपराखाली गरीबही कोरडे राहिले.

पाणी, आग आणि निगा

लाकडाच्या वास्तूला दोन मोठ्या भीती जन्मभर असतात. आगीच्या बाबतीत या हॉलचं दैव बलवत्तर. २९ एप्रिल १९४२च्या पहाटे जर्मन विमानांनी यॉर्कवर बॉम्ब टाकले. ऊस नदीकाठचं शहराचं पंधराव्या शतकातलं गिल्डहॉल, ओकच्या खांबांसह, आतून जळून गेलं. आज तिथे दिसतं ते १९६०मध्ये पूर्ण झालेलं पुनर्बांधकाम. फॉसगेटचा हॉल तिथून चालत काही मिनिटांवर. तो वाचला.

पाणी मात्र पाठ सोडत नाही. फॉस ही ऊसला मिळणारी छोटी नदी. विल्यम राजानं अकराव्या शतकात किल्ल्यासाठी तिला बांध घातला आणि मागे मोठं तळं तयार केलं. हॉलची जमीन त्या पाणथळीच्या कडेची. ऊसला पूर आला की पाणी उलटं फॉसमध्ये शिरतं आणि तळमजल्यापर्यंत पोहोचतं. कोणत्या पुरात पाणी कुठवर आलं याच्या खुणा तिथे पाहायला मिळतात. हे थोपवायला १९८७मध्ये फॉसच्या मुखाशी पोलादी झडप बसवली. ऊस चढली की झडप खाली सोडायची आणि फॉसचं पाणी पंपांनी पलीकडे टाकायचं. २६ डिसेंबर २०१५ला पंपघरातच पाणी शिरू लागलं, विजेची यंत्रणा धोक्यात आली आणि झडप उचलावी लागली. काठची शेकडो घरंदुकानं पाण्यात गेली. हॉलच्या तळमजल्यालाही पाणी लागलं. त्यानंतर पंप आणि यंत्रणा वाढवण्यात आली.

पूर ओसरला की पहिलं काम घाई न करण्याचं. हीटर लावून ओक झपाट्यानं सुकवला तर तो फाटतो. दारंखिडक्या उघड्या ठेवायच्या, वारा खेळू द्यायचा, लाकडाला त्याच्या गतीनं वाळू द्यायचं. विटांच्या सांध्यांत सिमेंट भरायचं नाही, चुनाच वापरायचा, कारण चुन्यातून ओल बाहेर पडते आणि सिमेंट ती कोंडून ठेवतं. कोंडलेली ओल शेवटी लाकडात मुरते. जगभर जुन्या लाकडी वास्तू सिमेंटनं दुरुस्त करून अनेकांनी गमावल्यानंतर हे शहाणपण पुन्हा रुजलं. चौदाव्या शतकातल्या गवंड्याला ते सांगावं लागलं नसतं, त्याच्याकडे चुन्याशिवाय दुसरं काही नव्हतंच.

आज हा हॉल संग्रहालय आहे. मर्चंट ॲडव्हेंचरर्सची कंपनीही आहे, तिच्या सभा भरतात, धर्मादाय कामं चालतात. विसाव्या शतकात यॉर्कची नाटकं पुन्हा सुरू झाली आणि पुढे जेव्हा गाड्यांवरचे खेळ परत रस्त्यावर आले, तेव्हा अंतिम न्यायाच्या नाटकाशी या कंपनीनं आपलं नातं पुन्हा जोडलं. पण वास्तू चालते ती मुख्यतः भाड्यावर आणि तिकिटांवर. लग्नं, मेजवान्या, परिषदा. जिथे लोकरीचे सौदे झाले तिथे वधूवरांचे फोटो निघतात. काहींना हे खटकतं. इतिहासाची जागा समारंभांना कशी देता, असं ते विचारतात. त्यांनी कंपनीची जुनी हिशेबाची पानं बघावीत. मेजवानीचा खर्च त्यांत पहिल्यापासून आहे. वरचा मजला कधीच देवळासारखा पवित्र नव्हता, तो कमावता होता. पन्हळ गळली तर दुरुस्तीला पैसे तिथूनच आले, आणि पुढच्या पुरानंतर तळमजला सुकवायलाही ते तिथूनच यावे लागतील.